रडायचं ते गेटबाहेर

घागबाई मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई गेल्या आणि ही आता गोड बोलायला लागली. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या बुधवारी माझ्या सईचं सर्टिफिकेट नव्याने काढायला ठाण्याला गेलेली, तेव्हा वाट वाकडी करून खोपटच्या एसटी डेपोत गेले आणि त्यांच्या बाकड्यावर दहा मिनिटं बसले. तरी माझं मत बदललेलं नाही. इतकी फटकळ बाई मी उभ्या जन्मात दुसरी पाहिली नाही.

त्या बाकड्यावर बाई दर बुधवारी बसायच्या. बुधवार म्हणजे सरकारी हॉस्पिटलात अपंगत्वाचा बोर्ड बसायचा दिवस. कुणाच्या मुलाला चालता येत नाही, कुणाचं बोलत नाही, कुणाचं वयाने वाढतं पण डोक्याने वाढत नाही, असे सगळे आईबाप सकाळपासून तिथे रांगेत असतात. डॉक्टर मूल तपासतात आणि किती टक्के अपंग ते कागदावर लिहून देतात. चाळीस किंवा त्याच्या वर असेल तर एसटीचा पास, विमा, शाळेतल्या सवलती, सगळं त्या एका कागदावर मिळतं. चाळीसच्या खाली आला तर तो कागद फ्रेम करून भिंतीला लावा, दुसरा उपयोग नाही. हॉस्पिटलात बसायला जागा नाही आणि डेपोत पंखा आहे, संडास आहे, कुणी उठवत नाही, म्हणून बाईंनी आपलं ऑफिस डेपोत थाटलेलं. कुठला फॉर्म कुठे, कुठला साहेब किती वाजता जेवायला उठतो, कोणत्या कागदावर कुणाची सही लागते, हे त्यांना तोंडपाठ. फी नव्हती. कुणाचा चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. फक्त अपमान करायच्या, तो मात्र पोटभर.

बुटक्या, काळ्यासावळ्या, साठीच्या पुढच्या. केसांना मेंदी, कपाळावर टिकली, अंगावर कांजी केलेली सुती साडी आणि तिला अशी इस्त्री की बसताना कडकड वाजेल. शेजारी त्यांचा मुलगा बाळू. बाळू पस्तिशीचा, अंगाने दांडगा, दाढी रोज बाई स्वतः करायच्या त्यामुळे गाल गुळगुळीत. तो आईच्या पदराचं टोक तर्जनीला गुंडाळून बसायचा आणि मधूनच तोंडात धरायचा. एवढी कडक साडी, पण ते एक टोक कायम ओलं, चुरगळलेलं, दोरे निघालेलं. बाळूला एकच शब्द यायचा, "चल." भूक लागली तरी चल, घाबरला तरी चल. आई कुणाला ओरडायला लागली की हा हळूच म्हणायचा, "चल." बाई म्हणायच्या, "थांब, अजून हिला झाडायचीय."

मला पहिल्यांदा झाडली ती नऊ वर्षांपूर्वी. सई तेव्हा नऊची होती. मी दिव्याला राहते, डोंबिवलीत एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, माझ्या टेबलावरून दरवर्षी शेकडो मुलांचे दाखले जातात आणि माझ्या मुलीला मात्र स्वतःची चप्पल डावी-उजवी कळत नव्हती. बोर्डाची तारीख आली तेव्हा मी पंधरा दिवस तिच्यामागे बसलेली. नाव सांग, आईचं नाव सांग, हा रंग कुठला, एक ते दहा म्हण. त्या दिवशी तिला वाढदिवसाचा गुलाबी फ्रॉक घातला, दोन घट्ट वेण्या घातल्या, पावडर लावली. आणि माझी पोर डॉक्टरांसमोर घडाघडा बोलली हो! नाव सांगितलं, लाल म्हणाली, निळा म्हणाली, नऊ विसरली पण दहा म्हणाली. डॉक्टर हसले. कागदावर अडतीस आले.

मला काय आनंद झाला सांगू. मला वाटलं, अडतीस म्हणजे कमी, म्हणजे तेवढं काही नाही. त्याच आनंदात खोपटला पासच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या माणसाने कागद बघितला आणि परत सरकवला. "अडतीस. चाळीसच्या खाली पास नाही," मोठ्याने म्हणाला. मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात मागच्या बाकड्यावरून आवाज आला.

"किती दिवस शिकवलंस?"

मी वळले. "काय?"

"पोरीला. किती दिवस घोकवून घेतलंस?"

"पंधरा."

"दोन टक्के कमी पडले ना? ते तू शिकवलेस." मग सईच्या फ्रॉककडे बघून म्हणाल्या, "आणि हे काय, मुलगी बघायला आलेले का डॉक्टर? ती हुशार आहे म्हणून बक्षीस मिळणार होतं? अगं ती परीक्षा नव्हे. तिथे नापास व्हायला जायचं असतं. तुझ्या पोरीने पहिल्यांदा कशात तरी पास होऊन दाखवलं आणि तेही नेमकं तिथे!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी पिशवीतून स्टेपलर काढला, सुतळीने पिशवीला बांधलेला असायचा तो, आणि म्हणाल्या, "आधी झेरॉक्स काढ, मग रड. समोर दुकान आहे. नऊ कॉपी. पुन्हा तपासणीचा अर्ज करायचाय. आणि रडायचं ते गेटबाहेर. ऑफिसात रडलं की साहेब लोक पाणी विचारतात आणि काम उद्यावर टाकतात."

मी मनात त्यांना जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या घातल्या आणि झेरॉक्स काढायला गेले.

पुढच्या तारखेपर्यंत तीन महिने होते. बाईंनी मला एक वही आणायला लावली आणि सईला काय येत नाही ते लिहायला सांगितलं. मी अर्धं पान लिहून नेलं. त्यांनी वाचलं आणि वही माझ्या मांडीवर टाकली. "हे शाळेच्या प्रगतीपुस्तकात लिहितात तसलं. अजून सुधारणेला वाव आहे म्हणे! नीट लिही. संडासला गेल्यावर धुता येतं का? नाही? मग नाही लिही. भात किती सांडते? गॅस चालू ठेवते का? अनोळखी माणसाने हात धरला तर त्याच्याबरोबर जाईल का? लिही, जाईल."

सई शेजारीच होती, बाळूच्या चपलेचा पट्टा उघडमिट करत. मी म्हटलं, "बाई, हळू बोला, तिला कळतं."

"कळतं? मग घरी ने. सर्टिफिकेट कशाला पाहिजे?"

त्या दिवशी मी त्यांना मारलं असतं. खरंच सांगते, हात शिवशिवलेला. पण एक गोष्ट कबूल करायला हवी, त्या वहीत एक शब्द खोटा नव्हता. तो त्यांचा नियमच होता. "जास्त नको, कमी नको. रोजचं आणा," म्हणायच्या. "रोजचा ड्रेस, रोजचे केस, रोजचं पोर. एक शब्द खोटा निघाला तर त्या खोलीत पुढच्या दहा जणांवर डॉक्टर विश्वास ठेवत नाही."

दुसऱ्या वेळी सई घरच्या चुरगळलेल्या कपड्यांत गेली. डॉक्टरांनी विचारलं तसं मी वहीतलं एकेक वाचत गेले. अंघोळ येत नाही. वेणी येत नाही. वाट सापडत नाही. सई माझ्याकडे बघत होती. मी "नाडी बांधता येत नाही" म्हटलं तेव्हा ती बारीक आवाजात म्हणाली, "येते." आणि तिथेच सलवारची नाडी सोडून बांधायला लागली. बांधता आली नाही. सगळी खोली तिच्या बोटांकडे बघत होती. डॉक्टरांनी साठ लिहिले. मी तिची नाडी बांधली, सगळ्यांना थँक्यू म्हटलं आणि गेटबाहेर येऊन इतकी रडले की रिक्षावाला म्हणाला, ताई, कोण गेलं?

तेव्हापासून पुढे मी त्यांच्याकडे येत-जात राहिले. कागद काही एकदाच काढून संपत नाहीत. आज विम्याचा, उद्या पालकत्वाचा, परवा नवीन कार्डाचा ऑनलाइन फॉर्म, आणि तो सर्व्हर डाऊन. बाईंनी आम्हा आईबापांची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. आमच्या स्टेशनावरून हाक मारायच्या. मी दिवा. एक बदलापूर होती, एक कळवा होता. पोरांची मात्र पूर्ण नावं, जन्मतारखेसकट.

असाच एक डोंबिवली होता. चांगला शिकलेला, टाय लावणारा माणूस. बाईंनी त्याला 'रोजचं आणा' सांगितलेलं, त्याने त्याच्या वरची अक्कल लढवली. घरी मुलाला शिकवलं की डॉक्टर दिसला की टेबलावरचं सामान फेकायचं. फेकलं की चॉकलेट. आणि वर डेपोत येऊन कौतुकाने सांगितलं, पोराने बाईंची पाण्याची बाटली फेकून दाखवली. बाईंनी बाटली उचलून आणली. त्या माणसाच्या हातातून फाइल घेतली आणि तिच्यावर बसल्या. अक्षरशः खाली घेऊन बसल्या! "आज तुझा नंबर नाही," म्हणाल्या. बोर्ड उठेपर्यंत, चार तास, त्या हलल्या नाहीत. तो माणूस हात जोडत होता, पोलीस आणतो म्हणत होता, सुट्टी घेऊन आलोय म्हणत होता. बाई शेंगदाणे खात बसलेल्या. पुढे वर्षभराने तो भेटला तेव्हा कपाळावर टाके होते. मुलगा अजून फेकत होता. बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही शिकवलेलं बाकी काहीच राहिलं नाही ना? हे राहिलं बघा." मला त्याची दया आली. बाईंना आली असेल तर त्यांनी दाखवली नाही.

नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायच्या. "तू मेल्यावर कोण?" नमस्कार-चमत्कार नाही, पाणी नाही, डायरेक्ट हाच प्रश्न. कुणी म्हणायचं भाऊ आहे, कुणी म्हणायचं धाकटी मुलगी बघेल. बाई म्हणायच्या, "धाकटीला विचारलंस? विचार, मग ये." एकदा मीही चिडून विचारलं, "तुमच्या बाळूचं कोण, ते सांगा की."

नवरा बाळू चार वर्षांचा असताना गेला तो गेलाच. भावंडांशी बोलणं नाही. कल्याणला चाळीत दोन खोल्या, त्यात ही दोघं. मला वाटलं, आता बाई गप्प होतील.

"बाळूने माझ्या आधी जायचं," त्या म्हणाल्या. "रोज देवाला तेवढंच सांगते. आधी एक दिवस, जास्त नको. दुसऱ्या दिवशी मी येते." बाळू पदर चघळत होता. त्यांनी त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि माझ्याकडे वळल्या. "काय बघतेस? फॉर्म भर."

देवाने काही ऐकलं नाही. अडीच वर्षांपूर्वी बाईंना झटका आला. मोठा नव्हता, डावा हात थोडा लुळा पडला, पण डॉक्टरांनी बजावलं की दुसरा येईल आणि तो सोडणार नाही. घरात पडलेल्या तेव्हा बाळू दोन दिवस त्यांच्याजवळ बसून "चल, चल" म्हणत होता, आणि शेजाऱ्यांना वाटलं नेहमीचंच. दोन दिवस त्याला ना अन्न ना पाणी. हे बाईंनी मला स्वतः सांगितलं, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज हललेला मी ऐकला.

मग एकच धावपळ सुरू झाली. कल्याणच्या पुढे एका ट्रस्टचं वसतिगृह होतं, बाळूसारख्या मोठ्या मुलांना जन्मभर ठेवून घेणारं. जागा चांगली, माणसं चांगली, पण खाटा थोड्या आणि रांग मोठी. त्यांचा नियम सरळ होता. आईबाप नाहीत, किंवा आहेत पण सांभाळायच्या स्थितीत नाहीत, त्यांनाच आधी. एक खाट रिकामी झालेली. बाई बाळूला घेऊन मुलाखतीला गेल्या.

संध्याकाळी मला फोन. "नाही म्हणाले."

"का?"

"आई धडधाकट आहे म्हणे. अजून दोन-चार वर्षं सांभाळू शकेल."

"बाई, तुम्ही गेलेल्या कशा?"

हळूहळू बाहेर आलं. कांजीची साडी. मेंदी. फाइल, रंगीत फ्लॅप लावलेली. समितीतल्या कुणीतरी चुकीचा नियम सांगितला तर बाईंनी त्याला कलमासकट दुरुस्त केलेलं. डावा हात पदराखाली झाकून घेतलेला, का तर बरं दिसत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना जे नको म्हणून सांगितलं तेच सगळं जाऊन करून आल्या.

मी इतकी वर्षं थांबलेली. मी विचारलं, "किती दिवस शिकवलेलं स्वतःला?"

मी हे बोलायला नको होतं. पण मला बरं वाटलं, खोटं का सांगू. मागून बाळूचा आवाज आला, "चल." मग बाई म्हणाल्या, "दिवा, पुढच्या सोमवारची वेळ मागून घे त्यांच्याकडून. शेजारीण म्हणून तू चल माझ्याबरोबर. बोलायचं ते तू."

सोमवारी मी त्यांच्या घरी गेले तर ओळखू येईनात. मेंदी लावायची सोडलेली, मुळाशी पांढरे केस, तेल नाही, टिकली नाही. साडी आदल्या दिवशीची, नेसलेलीच झोपलेल्या. डावा हात मांडीवर तसाच टाकलेला. मी म्हटलं, "रोजचं आणा म्हणायचात ना?"

"रोजचं नेलं तर ते त्याला घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तिथे काही झालं तरी तू रडायचं नाहीस."

वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिघं होते, दोन पुरुष आणि एक समाजसेविका. बाईंना खुर्चीत बसवलं. बाळू शेजारी, बोटाला पदर. मी बोलत होते. झटक्यापासून विसरतात, मागच्या वेळी नेमका चांगला दिवस होता, एरवी जेवण करत नाहीत, आम्ही शेजारी आळीपाळीने बघतो. समाजसेविका चांगली होती बिचारी. ती बाईंजवळ खाली वाकली आणि विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

बाई खिडकीकडे बघत राहिल्या.

"आजी, हा कोण? हा शेजारी बसलाय तो?"

बाईंनी बाळूकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, एसटीत शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडे बघावं तसं. "माहीत नाही," म्हणाल्या. "कुणाचा आहे? मघापासून माझा पदर ओढतोय." आणि उजव्या हाताने त्याच्या बोटाचे वेढे सोडवून पदर काढून घेतला.

बाळू आपल्या रिकाम्या बोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल." बाई खिडकीकडे वळलेल्या. तो उठून उभा राहिला, समोर येऊन वाकला, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "चल. चल." बाईंनी त्याला कोपराने बाजूला सारलं. समाजसेविकेने डोळे पुसले. खाट मिळाली. त्याच दिवशी, त्याच तासाला. परत घरी न्यायला नकोच म्हणाले, आई या अवस्थेत.

गेटबाहेर आलो. मी ढसाढसा रडायला लागले. बाई रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, आता गेटबाहेर आहोत."

"तू रड," त्या म्हणाल्या. "मी त्यांना अजून वरून दिसत असेन."

त्यानंतर बाई त्याला भेटायला गेल्या नाहीत. जाणार कशा? ज्या आईला मुलगा ओळखू येत नाही ती खाऊचा डबा घेऊन रविवारी दारात कशी उभी राहणार? ओळख दिली की खाट गेली. पालक म्हणून सही माझी होती, महिन्यातून एकदा मी जायची आणि येऊन त्यांना सांगायची. त्या विचारायच्या, "नखं कापलीत? दाढी कशी केलीय?" तो विचारतो का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की तो दारातून आत येणाऱ्या प्रत्येक बाईची साडी धरायचा म्हणून आता तिथल्या बायका ड्रेस घालून येतात.

शेवटचं त्यांना पाहिलं ते या सगळ्यानंतर चार महिन्यांनी. ज्यात त्या गेल्या तो दुसरा झटका आला त्याच्या आदल्याच आठवड्यात. रविवारी त्या मुलांना पाच वाजता रस्त्यावर फिरायला काढतात. बाई म्हणाल्या, "लांबून बघू." आम्ही समोरच्या पिठाच्या गिरणीच्या आडोशाला उभ्या राहिलो. बाई पुन्हा कडक साडीत. पदर नवाकोरा दिसत होता, दोन्ही टोकांना इस्त्री.

मुलं एका रांगेत निघाली. बाळू मधोमध, निळ्या शर्टात. पुढच्या मुलाच्या शर्टाचं टोक त्याने बोटाला गुंडाळलेलं. बाई पिठाच्या पोत्याला धरून वाकून बघत होत्या. "जाड झालाय," म्हणाल्या. "खायला घालतात नीट. दाढी मात्र डाव्या बाजूची राहिलीय, त्या केअरटेकरला सांग."

रांग आमच्यापासून पंधरा पावलांवर आली. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "बाई, एक हाक मारू का? तुम्ही मागे व्हा, मी मारते. नुसतं तोंड तरी इकडे करेल."

बाईंनी माझा दंड धरला. उजव्या हाताने, इतका घट्ट की आठवडाभर वळ होता.

"नको गं," त्या म्हणाल्या. "चल म्हणाला तर?"